दोनदा टकटक

३ सप्टेंबर

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच, तेव्हा आधीच सांगते: कुणी गेलेलं नाही. आई ठणठणीत आहे. आज सकाळीच तिने एका विद्यार्थिनीला रडवलं आणि मग स्वतःच्या हाताने कॉफी करून पाजली, म्हणजे सगळं रोजच्यासारखं चाललं आहे.

तुझा पत्ता मिळवताना माझ्या नाकी नऊ आले. तुझ्या जुन्या घरमालकिणीने दिला शेवटी. फोन नंबर मात्र दिला नाही, तूच तशी तंबी देऊन ठेवली आहेस म्हणे. असू दे. हे फोनवर मला बोलताही आलं नसतं.

काम असं आहे. मोठ्या सभागृहातल्या ऑर्गनची दुरुस्ती संपत आली आहे. तोच, ज्याच्या पोटात बसून तू शाळेचा अभ्यास करायचास. आठ नोव्हेंबरला उद्घाटनाचा कार्यक्रम आहे आणि अर्थातच आई वाजवणार आहे. तिचा हा शेवटचा मोठा कार्यक्रम असं लोक आपापसात म्हणतात, तिच्यासमोर म्हणायची कुणाची छाती नाही. तू त्या एका संध्याकाळपुरता येशील का? माझ्याऐवजी आत बसायला?

परवा डॉक्टरीणबाईंनी विचारलं की फुफ्फुसात एवढी धूळ कुठून आणता. मी म्हटलं, कार्यक्रम चालू असताना मी ऑर्गनच्या आत असते. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग समजावून सांगावं लागलं, की हा ऑर्गन म्हणजे मांडीवर घ्यायची पेटी नव्हे, दुमजली घराएवढं लाकडी कपाट आहे. आत शिड्या आहेत, फळ्या आहेत, करंगळीएवढ्यापासून खांबाएवढ्यापर्यंत नळ्यांच्या रांगा आहेत. सभागृह माणसांनी भरलं की त्यांच्या श्वासांनी हवा दमट होते, लाकूड फुगतं, एखादी झडप उघडीच राहते आणि तिच्यावरची नळी, वाजवणाऱ्याने पट्टी सोडली तरी बोंबलत राहते. मग आतल्या माणसाने बॅटरी घेऊन ती नळी शोधायची आणि उपटून हातात धरायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही सगळे कार्यक्रम फुकट ऐकता की!" काय सांगणार त्यांना. कानात कापूस घालून, चारी बाजूंनी नळ्या गरजत असताना, मला फक्त गोंगाट ऐकू येतो. आपली आई एवढी मोठी कलावंत आहे असं सगळं जग म्हणतं, आणि मी तिला समोर बसून एकदाही ऐकलेलं नाही. तू असताना मी लहान होते, घरी शेजारणीपाशी असायचे. तू मध्यंतरात आतून बाहेर पडलास आणि थेट स्टेशनवर गेलास. त्यानंतरच्या कार्यक्रमाला मी आत गेले. ते उकरून काढत नाही. तेव्हा मला राग आला होता, आता नाही.

मला फक्त एकदा खुर्चीत बसून ऐकायचं आहे. दुसरं काही कारण नाही.

तुझी,
मुंगी

२१ सप्टेंबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी, त्याही वाकड्या. "माझ्यामुळे तिच्या एका कार्यक्रमाची वाट लागली तेवढी पुरे. त्या खोक्यात मी पुन्हा पाय ठेवणार नाही." म्हणजे तुलाही ती गोष्ट कळली आहे तर. कुणी कळवली? आईनेच असणार. ती गोष्ट ती सगळ्यांना सांगते. नवा विद्यार्थी आला की पहिल्याच धड्याला सांगते: मुलगा मध्यंतरात निघून गेला, दुसऱ्या भागात सूर अडकला, आत कुणी नाही, तो सूर किंचाळत राहिला आणि भरल्या सभागृहात तिला बाकावरून उठून आत जावं लागलं. लोक कोट उचलून चालू लागले. गोष्ट संपली की ती माझ्याकडे बघते आणि म्हणते, "ही आहे म्हणून मी अजून वाजवते." विद्यार्थी माझ्याकडे आदराने बघतात. मी चहाचे कप उचलते.

हे वाक्य तिने माझ्या डोक्यावर छत्रीसारखं धरलेलं आहे, आणि छत्री धरणाऱ्यापासून लांब जाता येत नाही.

तू येणार नाहीस तर राहिलं. पण तुला काही गोष्टी माहीत नाहीत, त्या कुणाला तरी सांगाव्याशा वाटतात, म्हणून लिहिते. बाहेर बोललास तर बघ, असं मी तुला म्हणणार होते, पण तू कुणाशी बोलणार?

आई आता शिडी चढत नाही. गुडघे गेले आहेत. तुला आठवतं, ऑर्गन सुरात लावायला दोघं लागतात: एकाने आत नळ्यांपाशी उभं राहून नळीचं तोंड ठाकूनठोकून सूर जमवायचा, दुसऱ्याने बाहेर बसून एकेक पट्टी दाबून धरायची आणि आतून "पुढे" अशी हाक आली की शेजारची दाबायची. आई आत, आपण बाहेर, असं होतं ना? आता मी आत असते आणि आई बाहेर. बरीच वर्षं झाली. सभागृहवाल्यांना हे माहीत नाही. ते आले की मी पट्ट्यांवर जाऊन बसते आणि आई हातोडी घेऊन ऑर्गनच्या दाराशी उभी राहते, आत्ताच बाहेर आल्यासारखी. सभागृहाचे चिटणीस म्हणतात, "या वयात बाई अजून स्वतः आत शिरतात!" आई म्हणते, "सवय आहे."

आणि पट्टी दाबायचं काम तिला मुळीच जमत नाही. दाबून दाबून कंटाळते. मी आत एखाद्या नळीला कान लावून उभी असते आणि ही एकदम दोन्ही हातांनी काहीतरी झोकात वाजवते. गेल्या आठवड्यात मी शिडीवरून पडतापडता वाचले. बाहेर येऊन भांडले तर म्हणाली, "जरा हात मोकळे केले, त्यात एवढं काय." मला तिचं हसू आलं आणि गळाही दाबावासा वाटला.

तिच्या नावावर गेल्या कित्येक वर्षांत जी दुरुस्तीची कामं झाली, ज्यांचे फोटो छापून येतात, त्यातले निम्म्याहून जास्त ऑर्गन मी सुरात लावले आहेत. हे मी कुणाला सांगत नाही. तिचंही सगळं खोटं नाही. कुठली नळी मूळची आणि कुठली नंतर कुणी घुसडलेली, हे ती नुसतं फुंकर मारून सांगते. ते मला या जन्मी जमणार नाही. वाजवणं तर तिचंच आहे. पण हात टेकलेत मी, दादा.

मुंगी

१६ ऑक्टोबर

दादा,

तुझं उत्तर नाही. म्हणजे तू वाचतोस. वाचत नसतास तर पत्र परत आलं असतं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की दुसरं काही कारण नाही. कारण आहे. लांबच्या एका शहरात नळ्या बनवणारा कारखाना आहे. त्यांच्या मुख्य कारागीरबाई उन्हाळ्यात आपल्याकडे येऊन गेल्या. नवीन नळी आधी मुकी असते, तिचं तोंड कापून, तासून तिला बोलतं करावं लागतं, तेच त्यांचं काम. आई त्यांना आपले पराक्रम सांगत होती. त्या ऐकत होत्या आणि माझ्या हातांकडे बघत होत्या. जाताना जिन्यात मला हळूच म्हणाल्या, "आतलं काम तुम्हीच करता ना?" मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मग महिन्याभराने पत्र आलं. त्यांना जागा भरायची आहे. माझी वाट डिसेंबरपर्यंत बघतील, नंतर दुसऱ्या कुणाला घेतील. राहायला वर खोली आहे. तिची खिडकी रस्त्याकडे उघडते, असं त्यांनी मुद्दाम लिहिलं आहे.

मी ते पत्र किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. मला कुणी कधी मागायला आलं नव्हतं. जे मागायचे ते आईला मागायचे आणि मी त्यात आलेली असायचे, दिव्याबरोबर वायर येते तशी.

तू आठ तारखेला आला असतास, तर आईला दिसलं असतं की आत दुसरं माणूसही बसू शकतं. मग मी तिला सांगितलं असतं. असा माझा बेत होता. बावळटपणाच. चाळिशी उलटलेल्या बाईने आईला एक वाक्य सांगायला भावाला गाडीने बोलवायचं!

पण काल जे झालं ते ऐक. चिटणीस घरी आले होते. शेजारच्या शहरातल्या जुन्या ऑर्गनचं काम ठरवायला. तो पाडून टाकायचा की वाचवायचा, यावर आईचं मत हवं होतं. आई म्हणाली, वाचवायचा. किती वर्षं लागतील, त्यांनी विचारलं. आई म्हणाली, चार-पाच तरी. "आम्ही दोघी येऊ." मी चहा घेऊन दारात उभी होते. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही, जसं आपण उजव्या हाताला विचारत नाही की येतोस का. चिटणीस माझ्याकडे बघून म्हणाले, "वा, म्हणजे काम पक्कं." मी ट्रे खाली ठेवला. ते गेल्यावर मी मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि रडले. घरात एवढीच एक जागा आहे जिथून तिच्या कानापर्यंत आवाज जात नाही.

रागावलास तर रागाव, पण मला तुझा हेवा वाटतो. तू मध्यंतरात उठलास. मला मध्यंतरच सापडत नाही.

मुंगी

९ नोव्हेंबर

दादा,

काल कार्यक्रम झाला. सगळं क्रमाने सांगते, नाहीतर मलाच खरं वाटायचं नाही.

दुपारी नेहमीसारखी आत गेले. कापूस, बॅटरी, पाण्याची बाटली, आतल्या फळीवर उशी. सभागृह भरत चाललं. आतून माणसं दिसत नाहीत, पण खुर्च्यांचा आणि खोकल्यांचा आवाज येतो आणि हळूहळू हवा जड होत जाते. तेवढ्यात चिटणीस मागच्या दाराशी आले. डोकं आत घालून म्हणाले, "बसलात ना? दार मध्येच करकरतं, तेव्हा या वेळी मी बाहेरून कडीच घालतो. संपलं की काढीन."

बिचाऱ्यांच्या मनात काही नव्हतं. माझ्यासाठी त्यांनी गोळ्यांची पुडीही आणली होती, खोकला येऊ नये म्हणून. पण कडीचा आवाज झाला. मी दारावर थापा मारल्या. त्यांनी घाबरून उघडलं. मी म्हटलं, "मला बाहेर यायचंय." ते म्हणाले, "काही विसरलं का?" मी म्हटलं, "हो." आणि तशीच धुळकट अंगरख्यात, केसांत जळमटं घेऊन, बाजूच्या बोळातून सभागृहात गेले आणि शेवटच्या रांगेत बसले. शेजारच्या बाईंनी आपली शाल माझ्यापासून आवरून घेतली.

आई आली. टाळ्या झाल्या. आणि मग तिने ते केलं, जे ती दर वेळी करते आणि मी आजवर फक्त आतून ऐकलं होतं. बाकावर बसायच्या आधी ती ऑर्गनच्या लाकडी भिंतीशी गेली आणि बोटाच्या सांध्याने दोनदा टकटक केलं. तुला आठवतंच. मग आतल्याने दोनदा वाजवायचं, म्हणजे मी आहे, कर सुरू.

आतून काही आलं नाही.

ती थांबली. लोकांना वाटलं, मन एकाग्र करतेय. तिने पुन्हा दोनदा वाजवलं. तिची पाठ माझ्याकडे होती, दादा, आणि ती पाठ किती म्हातारी झाली आहे हे मला पहिल्यांदा दिसलं. बोळातून धावत गेले असते तर पोचले असते. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. ती तशीच उभी राहिली, लोक चुळबुळ करू लागले. मग तिने तो हात खाली घेतला, अंगावरच्या कपड्याला पुसला आणि बाकावर जाऊन बसली.

तिने काय वाजवलं ते मी तुला सांगू शकणार नाही. नुसतं एवढं सांगते की इतकी वर्षं जो मला गोंगाट वाटला, तो गोंगाट नव्हता. प्रत्येक नळी माझ्या ओळखीची, कुणाला पोचा आहे, कुणाला मी डाग दिलाय, आणि समोरून ऐकताना त्यातली एकही वेगळी ऐकू येत नव्हती. मला तिचा फार अभिमान वाटला. आणि फार राग आला, की हे माझ्यापासून लांब ठेवलं. दोन्ही एकदम.

दुसऱ्या भागात सूर अडकला. बासरीसारख्या आवाजाच्या रांगेतला, वरच्या बाजूचा. मला लगेच कळलं कुठली नळी ते. माझा हात आपोआप पुढे गेला. आता ती उठणार, आता लोक कोट उचलणार. आई वाजवता वाजवता किंचित डावीकडे झुकली आणि तिने त्या रांगेची खुंटी आत ढकलली. बस. रांगच बंद, सूरही बंद. दुसऱ्या रांगेची खुंटी ओढली आणि तेच पुढे वाजवत राहिली. माशी हाकलावी तसं. शेजारच्या बाईंनी मान डोलावली. त्यांना वाटलं, तसंच लिहिलेलं असेल.

खुंटी बंद करता येते हे मला काय माहीत नव्हतं? पहिल्या धड्यातली गोष्ट आहे. पण आई म्हणायची, मध्येच आवाजाचा रंग बदलला की सगळ्यांना कळतं, रचनेचा जीव जातो, त्यापेक्षा मरण बरं. मी ते कधी तपासून पाहिलं नाही. आतून कसं तपासणार?

नंतर मी तिच्या खोलीत गेले. ती बूट काढत होती. माझ्या केसांतलं जळमट तिने काढलं आणि विचारलं, "कुठे बसली होतीस?"

"शेवटच्या रांगेत."

"तिथे खालचे सूर जरा गढूळ येतात," ती म्हणाली.

मी विचारलं, दादा गेला त्या दिवशी तू बाकावरून उठली होतीस ना? ती बुटाच्या नाडीशी खेळत राहिली. मी परत विचारलं. मग म्हणाली, "नाही. त्या दिवशीही खुंटीच बंद केली होती."

"आणि लोक?"

"लोकांना काय कळतंय. टाळ्या वाजवल्या त्यांनी."

मी खाली बसले. मी म्हटलं, "मग मला कशाला बसवलंस आत? इतकी वर्षं?"

तिने नाडीची गाठ सोडवली. मग म्हणाली, "टकटक केल्यावर आतून उत्तर आलं की माझे हात कापायचे थांबायचे. दुसरं काही नाही. नळ्यांसाठी नाही बसवलं तुला." आणि मग, माझ्याकडे न बघता, "आज सबंध पहिला भाग कापत होते. तुला ऐकू आलं?"

मला ऐकू आलं नव्हतं. मी तिला तसं सांगितलं नाही. मी म्हटलं की मी डिसेंबरात जाणार आहे, कुठे आणि कशाला ते सांगितलं. ती म्हणाली, बूट दे तो इकडचा.

मुंगी

३ डिसेंबर

दादा,

हे नव्या खोलीतून लिहिते आहे. खिडकी खरंच रस्त्याकडे उघडते. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि दिवसभर कुणीतरी घंटी वाजवून बघत असतं. कारागीरबाईंनी पहिल्या दिवशी माझ्यासमोर एक मुकी नळी ठेवली आणि त्या जेवायला निघून गेल्या. कुणी "पुढे" म्हणणारं नाही. पहिला तास मी नुसती बसून राहिले.

आई तीन आठवडे माझ्याशी फक्त कामाचं बोलली. मी बॅग भरत होते तर येऊन म्हणाली, त्यात हातोडी नकोस ठेवू, लागते मला. मग अर्ध्या तासाने स्वतःच आणून ठेवली. शेजारच्या शहरातल्या कामाला ती त्या रडणाऱ्या विद्यार्थिनीला नेणार आहे. मुलगी चांगली आहे, कान तिखट आहे. मी तिला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, की कार्यक्रमात सूर अडकला तर खुंटी बंद करता येते, तेव्हा तुला समोर बसायचं असलं तर बस. ती म्हणाली, पण बाई म्हणतात रचनेचा जीव जातो. मी म्हटलं, जात नाही, मी ऐकलंय.

निघाले त्या सकाळी आई दारापर्यंत आली, पण उंबऱ्याबाहेर नाही. बाहेर गारठा आहे, म्हणाली. मी तिच्या पाया पडले, तिने माझी कॉलर सरळ केली आणि दार लावून घेतलं. मी बॅग उचलली आणि आतून दोनदा टकटक झालं.

तुला काय वाटतं, मी काय करायला हवं होतं? उत्तर दिलं तर मी आहे असा अर्थ होतो, आणि मी तर चालले होते. गाडीची वेळ होत आली होती. मी त्या दाराकडे बघत उभी राहिले. दाराच्या पलीकडे ती उभी होती, हालत नव्हती, हे मला कळत होतं. तिला ओळखायला मला भिंतीतून पाहावं लागत नाही. मी बॅग खाली ठेवली, दोनदा वाजवलं, परत बॅग उचलली आणि जिना उतरले. मागून दार उघडलं नाही. खालच्या वळणावर आले तेव्हा वर तिने वाजवायला सुरुवात केली होती, घरच्या त्या जुन्या पेटीवर. हात कापत होते का, ते मी थांबून ऐकलं नाही.

मी तुला ये म्हणत नाही. तू तिचं काही देणं लागत नाहीस, आणि आता आत बसायला कुणी नकोच आहे. पण तुझं ते कार्ड माझ्या बॅगेत आहे, आणि त्यावरची पहिली ओळ चूक आहे. तुझ्यामुळे कसलीही वाट लागली नाही. तू गाडीत बसला होतास तेव्हा ती शेवटपर्यंत वाजवत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते.

मुंगी